मंडळ आहे ना तिकडं!

"मामा, काल मंडळाच्या दिवाळीला गेलो होतो. छान होतं सगळं. पण परत काय जाणार नाही."

एवढाच व्हॉइस मेसेज. भाच्याचा, जर्मनीवरनं. मंडळ म्हणजे तिकडच्या मराठी माणसांचं महाराष्ट्र मंडळ. रविवारची सकाळ, मी साताऱ्यात पोवई नाक्यावर गाडी लावून बायको दुकानातनं बाहेर यायची वाट बघत होतो, बाजूला वडापवाले, म्हणजे शेअर जीपवाले, "कोरेगाव कोरेगाव" ओरडत होते, आणि त्या गोंगाटात कानाला फोन दाबून मी तो मेसेज परत ऐकला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला काहीतरी कारण असतं, ते विचारता येतं. हा नुसता सपाट आवाज. आपण लग्नाला जाऊन आल्यावर "जेवण चांगलं होतं" म्हणतो ना, तसला. दिवसभर ते डोक्यात राहिलं. सगळं छान होतं तर परत का जायचं नाही, हे मला कळेना, आणि त्याला विचारावं तर पोरगं "काही नाही ओ मामा" म्हणून विषय संपवणार हेही माहीत.

कारण तो जाताना आमच्याकडं सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं. आक्का रडायला लागली की कुणीतरी म्हणायचं, अगं मंडळ आहे ना तिकडं, मग कसली काळजी. दाजी बँकेतनं घामाघूम होऊन यायचे, कारण व्हिसासाठी तिकडच्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायला लागतात, म्हणजे आपले अकरा-बारा लाख, आणि पैसे आपलेच असून पोराला महिन्याला ९९२ युरोच काढता येतात, तर त्यांना पण शेजारचे काका सांगायचे, मंडळ आहे तिकडं, अडीनडीला बघतील. बॅग तेवीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून ती आम्ही वाण्याच्या धान्याच्या काट्यावर ठेवली होती. काटा पुढं गेला की आक्का काहीतरी काढायची, काट्याकडं बघायची आणि परत तेच आत ठेवायची. कंदी पेढ्यांचे बॉक्स, मेतकूट, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, आणि एक छोटा पोळपाट. मी म्हटलं, अगं पोळपाट कशाला, हा इथं कधी पोळी लाटायला बसलाय का. तर म्हणाली, असू दे, मंडळातल्या कुणाला तरी उपयोग होईल. म्हणजे मंडळ कुठलं, कोण, कसं, काही माहीत नाही, पण त्यांच्यासाठी पोळपाट चाललाय!

मग हळूहळू, हप्त्याहप्त्यानं, दिवाळीची हकीगत कळली. हॉल भाड्याचा, सजावट मस्त, कंदील पुण्याहून मागवलेले. दारात तिकीट बघून हाताला कागदी पट्टा बांधला. कुठला रे तू? सातारा. अरे वा, पेढे आणलेस का? हे चार-पाच जणांनी विचारलं, सगळे हसले, तोही हसला. मग गाणी झाली, लहान मुलांचे नाच झाले, जेवायला श्रीखंड होतं. टेबलावर त्याच्या एका बाजूला एक कुटुंब शाळेच्या अ‍ॅडमिशनबद्दल बोलत होतं आणि दुसऱ्या बाजूला दोघंजण घराच्या कर्जाबद्दल, प्रेमानं त्याच्या ताटात आणखी दोन पुऱ्या वाढल्या, आणि मग पुन्हा कर्ज. कुणी वाईट वागलं नाही. बाहेर पडून ट्रामची वाट बघत थंडीत उभा राहिला तेव्हा त्याला वाटलं की आज मी नसतो आलो तर दोन पुऱ्या वाचल्या असत्या, बाकी काही फरक पडला नसता.

मी आधी मंडळाचीच बाजू घेतली. घ्यायलाच पाहिजे. ती माणसं दिवसभर नोकऱ्या करतात, पोरंबाळं सांभाळतात, आणि वर हॉलचं भाडं, विमा, दहा वाजता हॉल झाडून किल्ली परत देणं, हे सगळं स्वतःच्या अंगावर घेतात. जर्मनीत संस्था रजिस्टर करायची तर किमान सात सभासद लागतात म्हणे (आपल्याकडं सात मराठी माणसं जमली तर दोन मंडळं निघतील आणि सातवा दोन्हीचा सल्लागार, पण ते असो). लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं निघालेलं, इतकी वर्षं ते टिकलं ते काय फुकट टिकलं? कुणीतरी दर वर्षी खुर्च्या मांडल्या म्हणूनच. आणि परदेशात कुणाचं काही बरंवाईट झालं तर रात्री दोनला हॉस्पिटलात पोचणारा माणूस बहुतेक वेळा मंडळाच्याच ग्रुपमधला असतो. हे मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मी कुठं नाही म्हणतोय." झालं. पुढं काय बोलणार.

पण त्याचं ते दोन पुऱ्यांचं मात्र गेलं नाही डोक्यातनं. आणि त्या आठवड्यात कधीतरी रात्री झोप लागेना तेव्हा मला साताऱ्यातल्या करंजे भागातली माझी जुनी खोली आठवली.

मी मेढ्याच्या पलीकडचा, जावळीतला. कॉलेजला साताऱ्यात आलो. आता साताऱ्यात येणं म्हणजे काय परदेश नव्हे, पण तेव्हा मला वाटला होता. इथली पोरं बोलायची वेगळी, कॉलर वेगळी, मास्तर नाव विचारायचे तेव्हा गावाचं नाव सांगितलं की मागच्या बाकावरनं कुणीतरी खुसखुसायचं. आमच्याकडच्या पाचसहा पोरांनी मिळून एक खोली घेतलेली होती, वडिलांच्या ओळखीनं माझी त्यात सोय झाली. संध्याकाळी ट्रंक घेऊन पोचलो, दार उघडं, आत कुणी नाही. भिंतीवर कोळशानं कामाचा तक्ता लिहिलेला. झाडलोट, पाणी, भांडी, रॉकेल, डबे आणणे, आणि प्रत्येकापुढं नाव. पाण्यापुढं लिहिलेलं होतं, "नवीन". त्यांना माझं नाव माहीत नव्हतं, मी दिसतो कसा माहीत नव्हतं, पण सोमवारचं पाणी मी भरणार हे ठरलेलं होतं. कुणी आलं नाही स्वागताला, कुणी चहा दिला नाही. मी ट्रंक ठेवली आणि बादली कुठाय ते शोधायला लागलो.

आणि डबे. एसटीनं डबा येणं हे आमच्या वयाच्या सातारा-सांगलीकडच्या माणसांना समजावून सांगायला नको. सकाळी आई भाकरी करून अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात भरणार, वर लुगड्याच्या फडक्याची गाठ, डब्यावर ऑइलपेंटनं नाव आणि गाव, तो डबा कुणीतरी फाट्यावर नेऊन मेढा गाडीच्या ड्रायव्हरजवळ देणार. स्टँडवर अकराच्या सुमाराला गाडी लागली की डबे खाली उतरायचे, एका ओळीत, आणि पोरं त्यावर तुटून पडायची. नाचणीची भाकरी तोवर चामड झालेली असायची, पण झाकण उघडल्यावर जो वास यायचा, लसणीचा, थोडा डिझेलचा, थोडा त्या ओल्या फडक्याचा, तो मला अजून कुठंही ओळखता येईल. पावसाळ्यात गाडी रद्द झाली की डबा नाही. मग ज्याचा आला असेल त्याच्यात सगळे. एकदा माझा डबा कुणी दुसराच घेऊन गेला आणि त्याचा राहिला, त्यात सुकट निघाली, आम्ही ती खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी तो पोरगा भांडायला आला तो आमच्यातच बसून जेवून गेला. पुढं तो आमच्या खोलीवरच राहायला आला. त्या कंडक्टर-ड्रायव्हरना कुणी पगार देत नव्हतं ह्याचा, आणि असल्या सोयीला कधी कुणी संस्थेचं नाव दिलं नाही, पण निम्म्या जिल्ह्याची पोरं त्यावर शिकली.

साताऱ्यात राहून हा विषय निघाला की अण्णांचं नाव आल्याशिवाय राहत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात पोरांसाठी बोर्डिंग सुरू केलं, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे आपण शाळेत पाठ केलंय, त्यामुळं त्याचं आता काही वाटेनासं झालंय. मला त्यातली वेगळीच गोष्ट लागते. धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत होती हे तर आहेच, पण ती नुसती बसत नव्हती. दळत होती, स्वयंपाक करत होती, शेतात राबत होती. गरिबीमुळं करावं लागत होतं हे खरंच, उगाच त्याला सोन्याचा मुलामा नको. पण एक विचार करा, त्या काळात ज्या पोराच्या हातचं पाणी गावात चालत नव्हतं, त्याच्या हातची भाकरी इथं बाकीच्यांनी खायची. नुसतं शेजारी बसवून जेवू घातलं असतं तर तो पाहुणाच राहिला असता. चुलीपुढं बसवल्यावर मग पाहुणा कोण आणि घरचा कोण? त्याच बोर्डिंगातनं पुढं पी. जी. पाटलांसारखी पोरं लंडनला जाऊन बॅरिस्टर झाली.

आणि लंडन-अमेरिकेचं काय घेऊन बसलात, राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या मुलाचं नाव लिहिलं गेलं तो तर आपल्याकडचा सगळ्यात मोठा परदेशी विद्यार्थी. त्या शाळेवरनं मी रोज जातो. बाबासाहेब साताऱ्याला असताना, लहानपणी, घरातल्या पोरांबरोबर वडिलांना भेटायला निघाले, मसूरला रेल्वेतनं उतरले, आणि जात कळल्यावर गाडीवान बैलगाडीत बसवून घेईना. दुप्पट भाडं देऊन गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार, असं ठरलं तेव्हा निघाले. रस्त्यात पाणी मिळालं नाही. मसूर इथनं किती लांब आहे? आपण लग्नाला जाऊन संध्याकाळी परत येतो. तोच मुलगा १९१३ ला बडोद्याच्या सयाजीरावांची स्कॉलरशिप घेऊन न्यूयॉर्कला उतरला, आधी हार्टली हॉलमध्ये राहिला, मग कॉस्मोपॉलिटन क्लबच्या घरात, आणि मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मुलाबरोबर, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१७ ला बडोद्याला नोकरीला आले तर तिथं राहायला जागा मिळेना, पारशी म्हणून एका धर्मशाळेत राहायला लागलं, तर तिथनंही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. सातासमुद्रापार खोली मिळते आणि बडोद्यात मिळत नाही. हे वाचलं की "आपली माणसं" हा शब्द जरा जपूनच वापरावा असं मला वाटतं.

त्या न्यूयॉर्कमधली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. १९०९ साली हॅरी एडमंड्स नावाचा, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचा एक माणूस कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज "गुड मॉर्निंग" म्हणाला. तो पोरगा थांबला आणि म्हणाला, मला इथं येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिले. एडमंड्सनं घरी जाऊन बायकोला सांगितलं, आणि दोघांनी रविवारी संध्याकाळी परदेशी पोरांना घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली, त्यातनं क्लब झाला, आणि पुढं १९२४ ला रॉकफेलरच्या पैशातनं मोठं इंटरनॅशनल हाऊस उभं राहिलं. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली. तो म्हणाला, "जेवायला बोलवून बोलवून किती बोलवतील मामा." पोरगं हुशार आहे, त्याला मुद्दा बरोबर सापडला होता. म्हणून मी त्याला म्हटलं की त्या जेवणांचं घर झालं ते मात्र पोरं नुसती जेवून जात नव्हती म्हणून झालं असणार, क्लब म्हटल्यावर कुणीतरी हिशेब ठेवायचा, कुणीतरी खुर्च्या लावायच्या. हा माझा अंदाज हं.

मध्यंतरी त्याचे डिसेंबरचे दिवस फार वाईट गेले. चारला अंधार. रविवारी दुकानं बंद, इतकी शांतता की रविवारी काचेच्या बाटल्यासुद्धा डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. हॉस्टेलच्या किचनमध्ये सहा जणांचं सामान सहा कप्प्यांत, वर ज्याच्या त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या, आणि माणसं एकमेकांना हॅलो म्हणून आपापल्या खोलीत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत आपली ४९ हजारांवर पोरं शिकत होती, चीनलाही आपण मागं टाकलंय, हे पेपरात वाचून दाजी खूश झाले होते. मला ते वाचून वाटलं, एवढी पोरं, आणि प्रत्येकजण कुठल्या तरी कप्प्यावर चिठ्ठी लावून बसलेला. आक्काला तो व्हिडिओ कॉलवर हसून दाखवायचा. मला नाही दाखवायचा, हे त्याचे माझ्यावर उपकारच.

मग एक दिवस त्यानं फोटो पाठवला. हात ग्रीसनं काळे, नखं बघवत नाहीत अशी, आणि खाली लिहिलंय, "आईला दाखवू नका." झालं असं की त्यानं जुनी सायकल घेतली, ती पंक्चर झाली, आणि तिकडं दुकानात पंक्चर काढायचे पैसे ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले. तिथल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत पोरांची संघटना स्वतःचं सायकल दुरुस्तीचं वर्कशॉप चालवते, तळघरात वगैरे, तिथं हा गेला. त्याला वाटलं सायकल देऊन टाकायची आणि थांबायचं. तर तिथल्या एका पोरीनं त्याच्या हातात चाक काढायचा पाना दिला आणि आपण दुसऱ्या कामाला लागली. तिथं दुरुस्त करून मिळत नाही, हत्यारं मिळतात आणि अडलं तर कुणीतरी दाखवतं. मेकॅनिकल इंजिनिअर हा! साताऱ्यात असताना गाडीत हवा भरायलासुद्धा पोराला दहा रुपये देऊन उभा राहायचा. पहिल्या दिवशी ट्यूब आणखीनच फाडून ठेवली म्हणे. पण परत गेला. दर गुरुवारी जायला लागला, सायकल नीट झाली तरी जायला लागला. एक सीरियाचा मुलगा होता तिथं, तो ब्रेकच्या केबली लावण्यात उस्ताद, ह्याचं जर्मन तोडकं, त्याचं इंग्रजी तोडकं, पण केबल धरायला भाषा कशाला लागते. आणि सेमिस्टर संपता संपता त्या पोरीला गावाला जायचं होतं, तर तिनं वर्कशॉपची किल्ली ह्याच्याकडं दिली. गुरुवारी तू उघड.

हे सांगताना त्याचा आवाज! नोकरी लागल्याचं सांगतानासुद्धा पोरं इतकी खूश नसतात.

मी त्याला माझ्या खोलीतल्या कोळशाच्या तक्त्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "तुमच्या वेळी" सुरू झालं असतं, आणि मग तो हूं हूं करत बसला असता.

मग मंडळाचं काय झालं, तर तेही ऐका. फेब्रुवारीत शिवजयंतीच्या आधी त्याला एका काकूंचा फोन आला, मूळच्या मिरजेच्या, दिवाळीत त्यांनीच त्या पुऱ्या वाढल्या होत्या. म्हणाल्या, अरे तू तो साताऱ्याचा ना, आमची सगळी ज्येष्ठ मंडळी कंबर धरून आहेत, स्पीकर आणि टेबलं न्यायला माणसं नाहीत, येतोस का दोन मित्र घेऊन? आमंत्रण नाही, तिकीट नाही, सरळ हमाली. हा गेला. सोबत त्या सीरियन मुलाला पण घेऊन गेला, त्याला शिवाजी महाराज कोण ते ट्राममध्ये समजावून सांगितलं, आणि त्यानं म्हणे "गनिमी कावा" एका झटक्यात समजून घेतला. दोघांनी टेबलं वाहिली, भगवे झेंडे बांधले, ढोलाचा एक दोर सुटला होता तो सीरियन पोरानं ब्रेकच्या केबलीसारखा ताणून बसवला. नंतर किचनमध्ये काकूंबरोबर उभं राहून भांडी. त्या भांड्यांपाशी काकूंनी त्याला पहिल्यांदा विचारलं की तू शिकतोस काय, आणि घरी कोण कोण असतं. दिवाळीला पण विचारलं असतं हो त्यांनी, पण तेव्हा त्यांच्या हातात पुऱ्यांचं ताट होतं आणि पुढं पन्नास माणसं, कधी विचारणार? मला वाटतं मंडळांचं चुकतं ते इथंच. नव्या पोरानं लाजू नये म्हणून ती त्याला बसवून ठेवतात, आणि पोरगं बसून बसून परकं होतं. प्रेमात काही कमी नसतं.

आक्काचा पोळपाटही शेवटी काकूंच्या घरी पोचला, चैत्रात. पुरणपोळीला. लाटल्या मात्र ह्यानंच, आणि नकाशे झाले.

परवा आक्काचा फोन आला, घाबरलेली. म्हणे हा कुणाशी तरी फोनवर जोरजोरात भांडत होता, मी व्हिडिओवर होते तरी थांबला नाही. मी त्याला विचारलं तर मंडळाच्या मीटिंगचं भांडण. गणपतीच्या तिकिटाला विद्यार्थ्यांना निम्मा दर ठेवायचा का नाही ह्यावरनं. तिकडं पोरांना वर्षाला १४० पूर्ण दिवसच काम करता येतं, त्यातनं ती खाणार काय आणि तिकीट काढणार काय, हे तो खजिनदारांना सांगत होता, आणि खजिनदार हॉलचं भाडं कसं वाढलंय ते सांगत होते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. वर ह्याची आणखी एक उपसूचना, की दारात हाताला पट्टा बांधताना नव्या पोरांना विचारायचं, वाढायला येतोस का? त्यावर कुणीतरी म्हणालं, पाहुण्यांना कामाला लावलेलं बरं दिसतं का. झालं, ह्याचा पारा चढला, अर्धा तास ऐकत होतो मी.

आक्काला फोन लावून म्हटलं, काही काळजी करू नको, तुझं पोरगं मंडळात भांडायला लागलंय. ती म्हणाली, मग पुढच्या वेळी कुणी जाणारं असलं तर सांग, पेढे जरा जास्तच पाठवायला लागतील, त्या खजिनदारांना पण.